ना एक्स, ना मिलेनियल: ऐंशीच्या आसपास जन्मलेल्यांनी बसायचं कोणत्या डब्यात?

फलाट_चार | सोमवार, दुपारी १.४०

मागच्या आठवड्यात आमच्या ऑफिसात, लोअर परळला, 'पिढ्यांमधला संवाद' अशा भारदस्त नावाचं अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग झालं. हॉलच्या चार कोपऱ्यांत चार पाट्या. बूमर, जेन एक्स, मिलेनियल, जेन झी. ट्रेनर बाई म्हणाल्या, आपापल्या पाटीखाली जाऊन उभे राहा. बूमरवाले सगळे रिटायर झालेत, त्यामुळे त्या कोपऱ्यात सँडविचचं टेबल लावलं होतं.

माझा जन्म डिसेंबर १९८०चा. कोष्टक असं होतं: १९६५ ते १९८० एक्स, १९८१ ते १९९६ मिलेनियल, १९९७पासून पुढे झी. म्हणजे मी एक्स. माझ्या शेजारी बसणारा मित्र फेब्रुवारी १९८१चा, तो मिलेनियल. दोघांनी मार्च १९९६ला दहावी दिली, बोर्ड तेच, गणिताचा पेपर तोच. दोघांनी पहिला मोबाईल घेतला तेव्हा इनकमिंगलाही पैसे पडायचे, त्यामुळे दोघेही मिस्ड कॉलवर जगलो. आणि आता तो समोरच्या कोपऱ्यात तीस-एकतीस पोरापोरींच्या घोळक्यात उभा राहून मला टाटा करतोय. तीस-एकतीस हे वय सांगतोय, आकडा नाही!

पुढे स्लाइड. एक्सची वैशिष्ट्यं: आईवडील दोघे कामावर, शाळेतून आलं की गळ्यातल्या किल्लीने दार उघडून एकटं घरात बसणारी मुलं, म्हणून स्वतंत्र वृत्तीची. मी चाळीत वाढलो. आमच्या मजल्यावर दिवसा कोणाचं दार लागलेलं मला आठवत नाही. एकटं बसायला मिळावं म्हणून मी गच्चीवर टाकीमागे जायचो, तर तिथेही कोणीतरी अभ्यासाला बसलेलं असायचं. मिलेनियलची वैशिष्ट्यं: लहानपणापासून कॉम्प्युटर हाताशी. मित्राने आणि मी कॉम्प्युटरला पहिल्यांदा हात लावला तो बारावीनंतर, दादरच्या एका क्लासात, चपला बाहेर काढून.

परदेशात आमच्यासारख्यांसाठी 'झेनियल' असं एक मधलं नाव निघालंय, १९७७ ते १९८३च्या सुमारास जन्मलेल्यांना. २०१४मध्ये तिकडच्या एका मासिकातल्या लेखाने ते चालवलं. लहानपण अ‍ॅनालॉग, तरुणपण डिजिटल असं काहीतरी. वाचून थोडा वेळ बरं वाटलं. मग वाटलं, हीसुद्धा एक पाटीच.

तुम्ही कुठले? जन्मसाल लिहा आणि कोष्टक तुम्हाला बसतं का ते सांगा.

कांदेनवमी | सोमवार, दुपारी २.२०

हाहाहा, सँडविचचं टेबल!

जन्म १९९४, गोरेगाव. कोष्टकात मी मिलेनियलच्या पोटात आहे, कडेला नाही. पण आमच्या घरात खरी रेघ माझ्या आणि भावाच्या मधून जाते. दादा १९९३चा. आम्ही दोघे एकाच मराठी शाळेत. सरकारने पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं ते २००० साली, आणि मी त्याच जूनमध्ये पहिलीत गेले. दादा दुसरीत होता. त्यामुळे मी घरी येऊन पाढ्यांसारखी एबीसीडी म्हणायचे आणि तो पाचवीची वाट बघत बसला होता. तेव्हा तो मला हसायचा. पुढे अकरावी सायन्सला दोघांचीही फेफे उडाली हे खरं, पण माझी थोडी कमी. आजही बँकेत, हॉस्पिटलात फोनवर इंग्रजीतून बोलायची वेळ आली की तो फोन माझ्या हातात देतो. एका वर्षाचं अंतर, एकच पिढी म्हणे.

तिसरी_पाळी | सोमवार, दुपारी ४.०५

जन्म १९७४, लालबाग. कोष्टकाप्रमाणे अस्सल एक्स, इकडेतिकडे लटकायची भानगड नाही. तरी लिहितो.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. मी दुसरीत, मोठा भाऊ नववीत. भावाचं पुढचं सगळं ठरलेलं होतं: दहावी झाली तर झाली, नाहीतर वडिलांच्या ओळखीवर बदली कामगार म्हणून लागायचं, मग यथावकाश कायम. तो रविवारी वडिलांच्या दोस्तांकडून साचा खात्यातल्या, म्हणजे मागांवरच्या, गोष्टी ऐकायचा, कुठला जॉबर (मुकादम) कसा, कुठल्या पाळीला झोप येते, सगळं त्याला पाठ. वडिलांचा डबा पोचवायला गिरणीच्या गेटपर्यंत तोच जायचा आणि भोंगा होईपर्यंत तिथेच रेंगाळायचा.

संप अधिकृतपणे कधी मिटलाच नाही. आईने खानावळीच्या पोळ्या लाटायला घेतल्या. भाऊ बरीच वर्षं "गिरणी चालू होईल" या आशेवर किरकोळ कामं करत राहिला, कारण त्याला दुसरं काही माहीतच नव्हतं. मला मात्र कोणी गिरणीचं नावही घेऊ दिलं नाही. टायपिंगला घातलं, रात्रशाळेच्या सरांकडे इंग्रजीला पाठवलं. आम्ही दोघे तुमच्या हॉलमध्ये एकाच पाटीखाली उभे राहिलो असतो. आमच्या चाळीत अजूनही कोणाचं वय काढायचं असलं की विचारतात, संपाआधीचा की संपानंतरचा?

लोअर परळचं ऑफिस म्हणताय. कोणत्या गिरणीच्या आवारात आहे ते एकदा बघून ठेवा.

फलाट_चार | सोमवार, दुपारी ४.३०

तिसरी_पाळी, बघायची गरज नाही, रोज बघतो. चिमणी ठेवलीय आमच्याकडे, खाली दिवे सोडून. माझे काका त्याच गिरणीत होते.

घासून_पुसून | सोमवार, रात्री ९.१०

जरा कोष्टकाबद्दल. १९८१ ते १९९६ हे आकडे प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकेतल्या संस्थेने २०१८मध्ये पक्के केले. मिलेनियल १९९६ला का संपवले, तर ११ सप्टेंबर २००१चा हल्ला कळण्याइतकं वय तोपर्यंत जन्मलेल्यांचं होतं, हे एक मोठं कारण. दुसरं म्हणजे २००८च्या मंदीत नोकरीला लागणं. दोन्ही त्यांच्या देशाच्या दृष्टीने रास्तच आहे. आपल्याकडे ही पाटी जशीच्या तशी का टांगायची हा प्रश्न संस्थेचा नाही, तुमच्या एचआरचा आहे.

गंमत पुढे आहे. 'मिलेनियल' हे नाव ज्यांनी दिलं त्या स्ट्रॉस आणि हाऊ या जोडीच्या हिशेबात ती पिढी १९८२पासून सुरू होते, कारण त्या वर्षी जन्मलेली मुलं २००० साली शाळेतून बाहेर पडणार होती. म्हणजे तुमचा टाटा करणारा मित्र त्यांच्याप्रमाणे एक्सच. त्याला परत बोलवा.

आणि खुद्द प्यूनेच २०२३मध्ये जाहीर केलं की यापुढे ही लेबलं आम्ही जपून वापरू. आजच्या विशीतल्यांची तुलना आधीच्यांच्या विशीशी करता येईल इतकी जुनी आकडेवारी असेल तरच पिढीबद्दल बोलू. कारण पुष्कळदा ज्याला पिढीचा स्वभाव म्हणतात तो नुसता वयाचा असतो. पंचविशीतला माणूस नोकऱ्या बदलतोच. १९८५ सालीही ज्याला बदलता येत होत्या तो बदलत होता.

मुळात ही चर्चा सुरू करणाऱ्यांपैकी एक समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइम. त्याचा १९२८चा निबंध आहे. तो म्हणतो, एका सुमारास जन्मलं म्हणून पिढी होत नाही, ऐन तरुणपणी त्याच घडामोडींत सापडावं लागतं. १८००च्या सुमारास चीनमध्ये आणि जर्मनीत असलेले तरुण एका पिढीचे आहेत असं कोणी म्हणणार नाही, हे त्याचंच उदाहरण. तिसरी_पाळी यांचे बंधू आणि डेट्रॉइटचा कोणी १९६७चा मुलगा यांना एका खोक्यात घालण्याआधी हे वाचायला हवं होतं.

स्क्रीनटाइम_जास्त | सोमवार, रात्री ९.५५

जन्म १९९८. आता माझं ऐका, कारण कडेला लटकणं म्हणजे काय ते आम्हालाही माहीत आहे. आमच्यासाठीही मधलं नाव आहे, 'झिलेनियल'. कौतुक करा.

तुम्हा सगळ्यांना लेबल हा गमतीचा विषय आहे. मला ऑफिसात ते रोज लागतं. सात वाजता बॅग उचलली की "जेन झी ना, वर्क लाइफ बॅलन्स!" विरारची लोकल पकडायची असते हो, त्याच्यापुढची पकडली तर नालासोपाऱ्यापर्यंत एका पायावर. पगारवाढीच्या मीटिंगमध्ये साहेबांनी सरळ सांगितलं, "तुमच्या पिढीला पेशन्स नाही." मी त्या जागी तीन वर्षांहून जास्त काळ आहे, आणि ज्याने हे ऐकवलं तो मागच्या दिवाळीत आलाय. दुसऱ्या बाजूला ऑफिसातली इंटर्न पोरं माझ्या मेसेजमधला हसऱ्या तोंडाचा इमोजी बघून मला ताई म्हणतात. तो इमोजी म्हाताऱ्यांचा आहे म्हणे.

आणि एक विनंती. प्रत्येक धागा शेवटी रविवार सकाळचं रामायण, पीसीओचा पिवळा बोर्ड आणि पेप्सीकोला यांच्यावर जातो. कृपया नको. तुमचं लहानपण छान होतं, कळलं.

फलाट_चार | सोमवार, रात्री १०.२०

स्क्रीनटाइम, पीसीओ आत्तापर्यंत कोणीच काढला नव्हता, तुम्हीच काढलात!

पण पगारवाढीचा मुद्दा एकदम बरोबर. त्या ट्रेनिंगचा उपयोग मला पुढच्याच दिवशी दिसला. आमच्या टीममधल्या एका मुलाने शनिवारी यायला नकार दिला, तर मॅनेजर म्हणाला, "काल शिकलो ना आपण, हे असेच असतात." त्याच्या आईची केमो चालू आहे, शनिवारी तिला परळला न्यावं लागतं. ते विचारायला कोणी गेलं नाही, कारण उत्तर स्लाइडवर आधीच होतं.

भाट्ये_ते_भायखळा | सोमवार, रात्री ११.३०

जन्म १९८१, रत्नागिरीच्या पुढचं एक खेडं. २००२ला मुंबईत आलो, भायखळ्याला मामांकडे. वर घासून_पुसून यांनी चीन-जर्मनीचं लिहिलंय, तेवढं लांब जायची गरज नाही. गावात आमच्या वाडीत फोन एकच, पोस्टमास्तरांकडे. इंग्रजी पाचवीपासून, तेही शिकवायला शिक्षक आला तर. मुंबईत आलो तेव्हा माझ्याच वयाची पोरं सायबर कॅफेत चॅटिंग करत होती, ए-एस-एल (वय, लिंग, ठिकाण) काय ते मला कळेना. आणि माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठा मामेभाऊ मात्र मला जवळचा वाटायचा, कारण लाइट गेले तरी काही न बोलता बसून राहायची सवय आम्हा दोघांनाच होती (त्याचं लहानपण गावीच आजीकडे गेलेलं). त्यामुळे कोणी मिलेनियल म्हटलं की मी मागे वळून बघतो, कोणाला म्हणतायत.

एक मात्र आहे. मुंबईने सगळ्यांना एकदा एकाच पाण्यात उभं केलं. २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर. त्या दिवशी कुठे होतात, एवढं विचारलं तरी माणसाची पिढी कळते. मी माहीमहून सायनपर्यंत छातीभर पाण्यातून चालत गेलो, पुढे अनोळखी लोकांच्या बिल्डिंगच्या जिन्यावर रात्र.

स्क्रीनटाइम_जास्त | मंगळवार, सकाळी ८.१५

दुसरीत होते. शाळेतच राहिलो रात्रभर, बाईंनी बाकं जोडून झोपवलं, ग्लुकोज बिस्किटं वाटली. आम्हाला सहल वाटली होती. बाई मध्येच बाहेर जाऊन रडत होत्या हे त्यांनीच खूप नंतर सांगितलं, त्यांचं स्वतःचं बाळ कळव्याला होतं.

(लोकलमधून लिहितेय. उभी आहे.)

वाशीवाली | मंगळवार, सकाळी ११.००

माझा प्रश्न पुढच्या बाजूचा आहे. मुलगी २०११ची. प्यूच्या हिशेबात झी २०१२पर्यंत, तर 'अल्फा' हे नाव काढणारे ऑस्ट्रेलियाचे मॅक्रिंडल ती पिढी २०१०पासून धरतात. म्हणजे ही दोन्हीकडे! तिला विचारलं तर म्हणाली, "आई, अल्फा म्हणजे माझ्या पाचवीतल्या मावसभावासारखे ना? मग मी नाही." त्याच्याहून फक्त तीन-चार वर्षांनी मोठी आहे, पण तो तिला चिल्लर वाटतो. लॉकडाउनमध्ये ही तिसरीत होती, ऑनलाइन शाळा हिने केली. तो तेव्हा बालवाडीत जायचा होता, आणि बालवाडी बघितलीच नाही त्याने. थेट पहिलीत. पेन्सिल धरायला शिकवणं त्याच्या आईच्या जिवावर आलं. तर हिचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही.

पहिली_दहावी | मंगळवार, दुपारी १२.४५

नमस्कार मंडळी. सँडविचच्या टेबलाच्या वतीने लिहितो.

जन्म १९५९, गिरगाव. मला नातू बूमर म्हणतो. मी त्याला विचारलं, म्हणजे काय? तर म्हणे दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक घरी परतले आणि अमेरिकेत पाळणे हलले, १९४६ ते १९६४. अरे बाबा, आमचे वडील युद्धावर गेले नव्हते, ते जी.पी.ओ.त सॉर्टिंगला होते. आम्ही सहा भावंडं, त्याला कुठलं महायुद्ध लागलं नाही.

आमच्या काळची खरी रेघ १९७५ची. नव्या अभ्यासक्रमाची दहावी पहिल्यांदा त्या वर्षी झाली, आणि पहिली बॅच आमची. आमच्या पुढच्या वर्गापर्यंत अकरावीची मॅट्रिक. थोरली बहीण अकरावीवाली. तिला शेवटपर्यंत वाटायचं की आमची दहावी म्हणजे सरकारने दिलेली सूट आहे. लग्नकार्यात ती ओळख करून द्यायची, "मी जुनी मॅट्रिक, हा नवीन." नवीन! मी आता सहासष्ट वर्षांचा आहे. आम्हाला मॉडर्न मॅथ्स म्हणून काहीतरी आलं, सेट आणि व्हेन आकृत्या, ते शिक्षकांनाही नवं होतं. सर सुट्टीत शिकून यायचे आणि आम्हाला शिकवायचे. गुण मिळाले की लोक विचारायचे, नव्यातले की जुन्यातले?

ते गेलं सगळं. आता दहावी म्हटलं की कोणी नवी-जुनी विचारत नाही. ट्रेनिंगला बोलावलं तर यायची तयारी आहे, टेबलाजवळच उभा राहीन.

पी_पी_नंबर | मंगळवार, दुपारी २.३०

पहिली_दहावी काका, लिहीत राहा!

जन्म १९७९. स्क्रीनटाइम यांची माफी मागून फोनबद्दल एकच लिहिते, कारण यात माझ्या मते त्या मधल्या माणसांचं सगळं आलं. माझ्या लग्नाच्या स्थळपत्रिकेत संपर्कापुढे दोन नंबर होते. एक खालच्या मजल्यावरच्या काकूंचा, पुढे कंसात पी.पी., म्हणजे शेजाऱ्यांकडचा फोन. दुसरा भावाचा नवा मोबाईल. पत्रिकेची झेरॉक्स काढताना बाबा म्हणाले, मोबाईलचा खोडा, लोकांना वाटेल मुलाकडच्यांना खर्चात घालतायत. भाऊ म्हणाला, पी.पी.चा खोडा, लोकांना वाटेल घरात फोनसुद्धा नाही. शेवटी दोन्ही ठेवले. फोन आला तो काकूंकडे. त्यांनी गॅलरीतून हाक मारली, ती चाळीतल्या प्रत्येकाने ऐकली, आणि मी खाली पोचेपर्यंत काकूंनी मुलाच्या आईला माझा पगार सांगून झाला होता.

तो मुलगा नाही केला. काकूंना तो आवडला होता.

डीसीपीएसवाला | मंगळवार, रात्री ८.४०

मी सरकारी नोकर, मंत्रालयाच्या जवळपासच. तुम्ही सगळे ज्यावर हसताय तसली रेघ आमच्याकडे पगाराच्या स्लिपवर आहे. राज्यात १ नोव्हेंबर २००५ला किंवा नंतर जो लागला त्याला जुनी पेन्शन नाही. त्याच्या पगारातून दर महिन्याला दहा टक्के कापतात, आणि शेवटी बाजाराच्या कृपेने जे जमेल ते, असं तेव्हा ठरलं. त्याआधी लागलेल्याला शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, वर महागाई भत्ता. माझ्या बाजूच्या टेबलावरचा माणूस माझ्याहून वयाने लहान आहे. तो २००५च्या मे महिन्यात लागला, मी डिसेंबरात. एकाच वर्षी. तो जुनी पेन्शन, मी डीसीपीएस, म्हणजे ही नवी अंशदायी योजना.

याचा परिणाम सगळीकडे दिसतो. त्याने गावी घर बांधायला काढलं, मी एसआयपी बघत बसतो. मार्च २०२३च्या संपात आम्ही सगळे बाहेर होतो, तोही आमच्यासोबत आला, पण घोषणा देताना आवाज आमचाच जास्त. आमच्या कार्यालयात जन्मसाल कोणी विचारत नाही. नवीन माणूस आला की पहिला प्रश्न, "जुनी की नवी?" तो पंचविशीतला असला तरी गमतीने विचारतात.

बाकी एक्स आणि मिलेनियल तुमच्या एचआरला लखलाभ.

घासून_पुसून | मंगळवार, रात्री ९.०५

हे खरं उदाहरण. इथे रेघेला पैसे लागतात.

मला दिसतंय ते असं की या धाग्यावरची माणसं संपाने, शाळेच्या जूनमध्ये किंवा जीआरच्या तारखेला वेगळी झालीत. जन्मसालाच्या एक जानेवारीला कोणीच नाही.

फलाट_चार | मंगळवार, रात्री ९.३०

ट्रेनिंगचा दुसरा भाग पुढच्या शुक्रवारी आहे. बाईंना विचारणार आहे की पाट्यांवर जन्मसालाऐवजी पहिली नोकरी कधी आणि कशी लागली ते लिहूया का. कायम, कंत्राटी, ओळखीने, कॅम्पसमधून. मला वाटतं कोपरे एकदम वेगळे भरतील, आणि स्क्रीनटाइमच्या साहेबांसारखे लोक कुठे उभे राहतात तेही दिसेल. मित्र म्हणतो, करू नकोस, अप्रेझल तोंडावर आहे. हे त्याचं मिलेनियलपण की एक्सपण ते घासून_पुसून यांनी सांगावं.

घासून_पुसून | मंगळवार, रात्री ९.३५

हप्ता भरणाऱ्या माणसाचं शहाणपण.

तिसरी_पाळी | मंगळवार, रात्री १०.१०

डीसीपीएसवाला, तुमच्या भरतीची जाहिरात कधीची होती? जाहिरात १ नोव्हेंबर २००५च्या आधीची आणि नेमणूक नंतरची असेल, तर २०२४च्या सुरुवातीला निघालेल्या जीआरने जुन्या पेन्शनचा पर्याय दिला होता. आमच्या मेहुणीला असा मिळाला.

डीसीपीएसवाला | मंगळवार, रात्री १०.४५

माहीत आहे साहेब. कार्यालयात तेव्हा चौघांनी पर्याय भरला, पेढे वाटले. एका दिवसात चौघेही जुने झाले. माझी जाहिरात नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली.

स्क्रीनटाइम_जास्त | मंगळवार, रात्री १०.५०

आई गं.

पहिली_दहावी | बुधवार, सकाळी ६.२०

डीसीपीएसवाला, कात्रण अजून आहे का तुमच्याकडे? आमच्या वेळी भरतीची जाहिरात आधी रोजगार विनिमय केंद्राकडे जायची, वर्तमानपत्रात नंतर यायची. तुमच्या खात्यात कसं होतं माहीत नाही, पण आवक-जावक नोंदवहीत बघून घ्या. कागद सापडला तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. चाळीस वर्षं आस्थापनेत काढलीयत, अर्ज कसा लिहायचा ते सांगतो.